निवृत्त झालेली कात्री

माझा मामा वायरी बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी खात्यात होता आणि अख्खा कारखाना त्याला ‘कात्री’ म्हणायचा. कुणी डझनभर झाडू मागितले की मामा निम्मे मंजूर करायचा आणि वर विचारायचा, "सगळे एकदम झाडणार आहात का?" घरीही कात्री चालूच. साबणाचा पातळ तुकडा उरला की तो नव्या वडीला चिकटवायचा. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद, मग खाली कुणी बसलेलं का असेना. मामीने हे सगळं हसत काढलं. "लग्न झालं तेव्हा हे एवढे नव्हते गं," ती मला सांगायची. "पगार वाढत गेला तशी धारही वाढत गेली."

निवृत्तीच्या दिवशी मामाने जाहीर केलं, की आता पगार बंद, तेव्हा घरखर्चही खाली यायला हवा. मामीने मान डोलावली.

पण रिकामा वेळ हा भलताच खर्चिक पाहुणा निघाला. सकाळचा पेपर वाचून झाला की पुढे करायचं काय? मामा बाजारात चक्कर मारायला लागला. एका चकरेत पडदे आले, दुसरीत दुर्बीण. मग एकदा मी त्यांच्याकडे गेले असताना खाली काहीतरी जोरात फटफटलं. खिडकीतून पाहिलं, तर मामा एका जुन्या मोटरसायकलवर बसलेला आणि तिच्या बाजूला होडीसारखी एक सीट जोडलेली.

"हे काय?" मामीने वरूनच विचारलं.

"तुझी गाडी."

"भाड्याने आणलीत?"

"विकत!"

मामी माझ्याकडे वळली. "ह्यांना ताप आहे का बघ जरा."

ताप नव्हता. पुढची काही वर्षं ते दोघं नुसते उधळले होते. मामी डोळ्यांवर काळा चष्मा लावून, मांडीवर पिशवी घेऊन त्या होडीत बसायची. समुद्र बघितला, डोंगर बघितले. हॉटेलात मामी पदार्थाचं नाव वाचायची, किमतीवर बोट ठेवून ती झाकायची. कारखान्यातले जुने लोक रस्त्यात थांबून बघत राहायचे. एकाने धीर करून विचारलंच, तर मामा म्हणाला, "जन्मभर लोकांच्या मागण्या कापल्या. आता माझी कापायला खुर्चीवर कुणी नाही."

परगावी राहणाऱ्या मुलाने फोनवर काळजीने म्हटलं, "बाबा, असंच चाललं तर पैसे संपतील."

मामीने फोन हिसकावला. "घाबरू नकोस रे. उतारावर इंजिन बंद करतात हे."

मग मामाचे गुडघे कुरकुरायला लागले. मामीला होडीतून बाहेर काढायला शेजाऱ्यांना बोलवावं लागायचं. फेऱ्या कमी झाल्या आणि शेवटी गाडी एका बेकरीवाल्याने घेतली. मामीच्या जागी पाव बसून हिंडायला लागले.

त्यानंतरची वर्षं फार स्वस्तात गेली. पेट्रोल नाही, हॉटेल नाही. कपडे झिजेनात, कारण घातलेच जाईनात. दोघांची भूकही निम्म्यावर आली. मामाची छाती मात्र फुगली. बागेतल्या बाकावर तो इतर म्हाताऱ्यांना काटकसरीचे धडे द्यायचा.

"बघितलंस, खर्च कसा आटोक्यात आणला?" एकदा घरी तो मला म्हणाला.

"ह्यांनी नाही, ह्यांच्या गुडघ्यांनी आणला," मामी आतून ओरडली.

ही ऐट फार टिकली नाही. दात गेले. न्हाणीघरात धरायला दांडे बसवावे लागले. सकाळच्या कामाला एक बाई ठेवली. औषधांची पिशवी भाजीच्या पिशवीहून फुगीर झाली. बिथरलेल्या मामाने कात्री पुन्हा बाहेर काढली. दातांच्या डॉक्टरला म्हणाला, "सध्या फक्त वरची कवळी करा. खालची पुढच्या वर्षी."

"आजोबा, मग वरची चावणार कशावर?" डॉक्टरने विचारलं.

कवळीच्या बाबतीत मामा हरला, पण कानाच्या बाबतीत अडून बसला. दोघांनाही कमी ऐकू यायला लागलं होतं. कानाची यंत्रं विकणारा समजावत होता, की प्रत्येक कान वेगळा मोजावा लागतो. मामा म्हणाला, "आम्ही एकाच घरात राहतो," आणि दोघांत मिळून एकच यंत्र घेऊन आला.

मी गेले की प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची. आधी यंत्र मामीच्या कानात, मग मामाच्या. त्यांचं भांडणही धड होईना. एकजण बोलायचा तेव्हा यंत्र त्याच्याच कानात असायचं.

एके दिवशी डॉक्टरने मामाला रक्तदाबाची गोळी निम्मी करायला सांगितलं. यंत्र तेव्हा बाहेर बसलेल्या मामीच्या कानात होतं. मामाने समजूतदारपणे मान हलवली आणि घरी येऊन गोळी अख्खीच चालू ठेवली. दोन-तीन दिवसांनी दुपारी उठताना त्याला भोवळ आली आणि तो कपाटावर आदळला. मोडलं काही नाही, पण मामीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी पोचले तेव्हा ती त्याचा हात सोडायला तयार नव्हती.

गोळीचा घोटाळा डॉक्टरकडून कळला, आणि मामा सावरल्यावर ती म्हणाली, "उद्या चार यंत्रं आणायची. दोन तुमची, दोन माझी. आणि दुकानात तुम्ही तोंड उघडायचं नाही."

मी ते मामाच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"अगं, पण चार म्हणजे..."

मामीने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "हं, बोला आता."

चार यंत्रं आली. मामाने आपली दोन लावली आणि पहिल्यांदा विचारलं, "हे टपटप काय?" स्वयंपाकघरातला नळ गळत होता, किती वर्षं, कोण जाणे. मग त्याला पंख्याची करकर ऐकू आली, फ्रिजची घरघर, कपाटाच्या बिजागऱ्या. आठवडाभर घरात कारागिरांची रीघ लागली होती आणि मामा प्रत्येकाशी घासाघीस करत होता, अगदी तरुणपणच्या जोमाने. नळवाल्याचा प्रत्येक शब्द त्याला स्पष्ट ऐकू येत होता, त्यामुळे त्याला प्रत्येक शब्दावर हरकत घेता येत होती.

मी आतल्या खोलीत गेले. मामी पाय पसरून चहा पीत बसली होती. तिची दोन्ही यंत्रं डबीत होती.

"मामी, ऐकू येतंय का?" मी हातवारे करून विचारलं.

"सगळं येतं, मला हवं तेव्हा," ती म्हणाली आणि माझ्यासाठी कपात चहा ओतायला लागली.