गप्प बसलेले दोन प्रोग्रॅम

होळी झाली की मी कूलरला नवी वाळ्याची ताटी बसवून घेते. आज तिच्यावर पाणी सुटलं आणि त्या वासासरशी बनारसमधली नव्वदच्या दशकातली, अशीच ताटी लावलेली कॉम्प्युटर लॅब आठवली. जेवणानंतर परीक्षक येणार होते. आमचे दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलायला हवे होते, निरोपांचा एक पाइप जायला, एक यायला. पण दोन्ही गप्प.

ब्रह्मा घाटावर राहणारी माझी लॅबमधली जोडीदार सुधा कोड वाचून हसली. "अगं, दोघंही समोरचा बोलायची वाट बघतायत! बनारसात हे लखनवी 'पहले आप' कशाला?"

मी एकाला आधी बोलायला लावलं. लगेच पडद्यावर प्रश्न उमटला, पाठोपाठ उत्तर.

तेव्हा परीक्षेतून सुटल्याचा आनंद झाला होता. आता वाटतं, आम्ही लिहिलेले दोघं आमच्यावाचून बोलत होते आणि आम्ही नुसत्या बघत होतो, तेच खरं सुख.