अलार्म दीदी

मोबाइलचा अलार्म वाजला की हातातलं काम टाकून ती उठायची. समोर मी असो की मालक, वाक्य अर्धं राहिलं तरी तिला फिकीर नसे. तारापूरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात मी स्टोअरचा इन्चार्ज होतो, ती क्लार्क. पायांत कॅलिपर, हातात कुबडी. कामगार तिला ‘अलार्म दीदी’ म्हणत.

पहिल्याच दिवशी तिने स्पष्ट सांगितलं, “माझा जन्मापासून मणका उघडा होता, सर. लघवी भरली ते मला कळत नाय. दर चार तासांनी नळी घालून काढावी लागते. वीस मिनिटं लागतात.” मी फाइलमध्ये डोकं घातलं. “खाली काय बघता? तुमी जात नाय काय?”

‘बिचारी’ हा शब्द तिला शिवीसारखा लागे. एकदा कुणीतरी कारखान्यातल्या तिच्या बाथरूममध्ये पोछे आणि बादल्या भरून ठेवल्या. तिने त्या एकेक करून मालकाच्या केबिनसमोर आणून आपटल्या. सामान पुन्हा तिथे गेलं नाही. मला मनातून मजा वाटली होती, पण मी तिच्या बाजूने एक शब्दही बोललो नाही.

पुढे स्टोअर मागच्या शेडमध्ये गेलं. बाथरूम राहिलं पुढच्या इमारतीत. तिची वीस मिनिटं आता पाऊण तासावर गेली, आणि तोंडावर ऑडिट. मी म्हणालो, “दुपारची एक खेप टाळा ना. दुखत तर नाही काही?”

“दुखत नाय, तीच तर भानगड हाय. आतल्या आत किडनी जाते.”

“मग तुमच्या कॉन्ट्रॅक्टचं मला बघावं लागेल.”

त्या दिवसापासून तिने पाणी पिणं कमी केलं, अलार्म सहा तासांवर नेला. दोनदा तापाने रजा घेतली. ऑडिट छान झालं, माझी पाठ थोपटली गेली.

तिची दरवर्षीची सोनोग्राफी पालघरला झाली. दुसऱ्या दिवशी तिने रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटला. “वाचा. मोठ्यानं वाचा.” मी वाचला. दोन्ही किडन्या सुजलेल्या, उजवीचं काम निम्म्यावर. “बत्तीस वर्षं मी त्या राखल्या. तुमी एका ऑडिटात खाल्ल्या.” राजीनामा त्याच कागदाखाली होता.

सहा महिन्यांनी मी केळव्याला तिच्या घरी गेलो. सुपारीच्या वाडीत ती खुर्चीवर बसली होती. मला बसा म्हणाली नाही. उभ्यानेच मी सांगितलं, की भांडून शेडला लागून बाथरूम बांधून घेतलं.

“ते माझ्यासाठी नाय, तुमाला झोप लागावी म्हणून बांधलंत.”

“माझं चुकलं.”

“चुकलंच. माफी मागू नका, मी देणार नाय.” मग घराकडे वळून तिने हाक मारली, “आई, सरांना एक शहाळं दे. पिऊन झालं की फाटक लावून घे.”