नावाड्याच्या कवितेची चाल

पगारे गुरुजींचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये भिंत नव्हती, पत्र्याचं पार्टिशन होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी अर्धी नोकरी त्या पत्र्यापायी डोकं धरण्यात गेली आणि उरलेली त्याच्यामुळेच बरी गेली. मी गणिताची बाई. इकडे मी फळ्यावर अपूर्णांकांची वजाबाकी मांडलेली असायची आणि पलीकडून सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायला लागायचा. माझी पोरं आधी पायाने ताल धरायची, मग ओठ हलवायची, आणि वजाबाकी तिथेच लटकून राहायची. मधल्या सुट्टीत मी तणतणत जायचे. "गुरुजी, तुमचं गाणं जरा हळू होऊ द्या की!"

"देवरेबाई, हळू म्हटलेली कविता पोरांच्या डोक्यात जात नाही," ते म्हणायचे. "त्यापेक्षा तुम्हीच वजाबाकी मोठ्याने शिकवा."

आणि वर हसायचे. मला हसू यायचं नाही. म्हणजे त्यांच्यासमोर यायचं नाही.

सातपूरच्या कामगार वसाहतीतली आमची शाळा. पोरांचे बाप कारखान्यात पाळीवर जाणारे, कुणी खानदेशातून आलेले, कुणी सुरगाण्याच्या डोंगरातून. भोंगा झाला की रस्त्यावर सायकलींची झुंबड उडायची आणि आमचे पाचवीचे वर्ग खिडकीत जमायचे, आपापला बाप दिसतो का बघायला. अशा शाळेत पुंजाराम सहादू पगारे बहात्तरच्या आसपास मराठी शिकवायला आले. ओझरच्या बाजूच्या खेड्यातले. त्यांच्याबरोबरीचे मित्र विमानाच्या कारखान्यात लागले, भराभर स्कूटरी घेते झाले. हे मात्र सायकलवरच राहिले.

त्यांचे वडील सहादूबाबा जलशात गाणारे. डफ घेऊन गावोगाव फिरायचे, समाजाला जागं करणारी गाणी म्हणायचे. पण मुलाला त्यांनी बजावलं होतं, गाण्याने घर चालत नाही, तू मास्तर हो. मुलगा आज्ञाधारक. मास्तर झाला आणि बापाचा डफ वर्गाच्या कपाटात आणून ठेवला. नोकरी आणि नाद अशी दोन वेगळी दुकानं त्यांनी कधी मांडलीच नाहीत.

त्यांचा नाद म्हणजे कवितांना चाली लावणं. मराठीच्या पुस्तकातल्या झाडून सगळ्या कवितांना. कविता पुस्तकात गप्प पडलेली असते, तिला चाल लागली की ती उठून चालायला लागते, असं ते म्हणायचे. जूनमध्ये नवं पुस्तक हातात आलं की गद्य धडे बाजूला सारून ते कविता वाचत सुटायचे आणि मग सायकलवर, बाजारात, रॉकेलच्या रांगेत, जिथे असतील तिथे बोटं वाजवत राहायचे. एकदा भाजीबाजारात मी त्यांना हाक मारली तर म्हणाले, "थांबा बाई, दुसरं कडवं हातातून निसटतंय." भाजीवालीने त्यांना वेड्यात काढलं. मीही काढलं.

पण त्यांचा एक नेम होता, आणि त्या नेमाबाबत ते हट्टी होते. चाल पहिल्यांदा ऐकायची ती वर्गाने. त्याआधी घरात नाही, स्टाफरूममध्ये नाही, कुणाजवळ गुणगुणायचीसुद्धा नाही. त्यांची बायको कुसाबाई एकदा संमेलनाला आल्या होत्या, तेव्हा माझ्याजवळ तक्रार करत होत्या. "मला कधी नवी चाल ऐकवत्यात व्हय? मी इचारलं की म्हनत्यात, आधी पोरं. मला पोरांकडूनच ऐकायला मिळतीया, ती बी गल्लीत."

सरगम त्यांना येत नव्हती. पेटी घ्यावी असं कधी वाटलं नाही. चाल डोक्यातून गळ्यात यायची आणि गळ्यातून वर्गात जायची, मधे कागद नाही की वाद्य नाही. फार तर डफावर ठेका. सगळी मदार त्या एका गळ्यावर.

तो गळा चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात बसला.

आता मास्तरांचा घसा बसणं ही काय बातमी आहे? आमच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकाचा बसलेला. खडूची धूळ, दाटीवाटीचे वर्ग, दिवसभर ओरडणं. त्यामुळे कुणाला त्यात आजार दिसलाच नाही. आम्हा सगळ्यांकडे घशाची औषधं होती आणि प्रत्येकाला आपलंच औषध रामबाण वाटायचं. कुणी कंकोळ दिली, कुणी ज्येष्ठमधाची कांडी दिली. हेडसरांनी मिठाच्या गुळण्या सांगितल्या. मी घरून हळद-दुधाचा थर्मास आणायला लागले. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाचा आवाज असा महिनोन्महिने गेला असता तर घरच्यांनी कधीच दवाखान्यात नेलं असतं. हा पडला मास्तर. आम्ही म्हणायचो, होईल, दिवाळीच्या सुट्टीत आराम मिळाला की होईल. गुरुजीही तेच म्हणायचे. चाली त्यांनी खालच्या पट्टीत घेतल्या. पत्र्यापलीकडून त्यांचा आवाज खरखरत यायचा आणि मग वर्गाच्या आवाजाखाली बुडून जायचा. मला वजाबाकी शिकवायला आता शांतता मिळत होती आणि ती मला बिलकूल आवडत नव्हती.

त्या वर्षी सहावीच्या पुस्तकात शेवटची कविता एका नावाड्याची होती. पूर आलेल्या नदीत तो एकेकाला पलीकडे पोहोचवतो आणि शेवटी आपण एकटाच रिकामी नाव घेऊन परत येतो, एवढीच कविता. गुरुजी तिच्यावर जीव टाकून होते. चाल जूनमध्येच बसली होती. "बाई, अशी चाल मला आयुष्यात सुचली नाही," एकदा ते मला म्हणाले. "वडिलांना आवडली असती." मी म्हटलं, मग शिकवून टाका ना. तर म्हणाले, "शेवटची कविता शेवटी. दिवाळीनंतर. घसाही तोवर सुटेल."

दिवाळीच्या सुट्टीत कुसाबाई त्यांना हट्टाने नाशिकच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी घशात बघितलं आणि लगेच मुंबई गाठायला सांगितलं. आम्हाला कळलं ते शाळा उघडल्यावर. तोपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं होतं. गाठ स्वरयंत्रावर होती आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं होतं.

हेडसरांच्या कपाटात शाळेचा टेपरेकॉर्डर होता. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला तेवढा बाहेर यायचा. आवाज होता तोवर चाल त्यावर भरून ठेवावी, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. सुचायला वेळ तरी कुठे होता, असं आम्ही नंतर एकमेकांना सांगायचो. मला त्या टेपरेकॉर्डरचा फार राग यायचा, त्या बिचाऱ्या यंत्राचा काय दोष होता?

फेब्रुवारीत गुरुजी परत आले. अंगाने निम्मे झालेले. गळ्याशी भोक, त्यावर पांढरं फडकं बांधलेलं, हातात लाकडी चौकटीची पाटी आणि पेन्सिल. ओठ हलायचे, आवाज नाही. हेडसर भले माणूस होते. त्यांनी गुरुजींना ऑफिसात बसवलं, हजेरीपट पुरे करायला दिले. गुरुजी दुपारपर्यंत बसले आणि मग पाटी घेऊन हेडसरांसमोर उभे राहिले. पाटीवर लिहिलं होतं, 'सहावीची एक कविता राहिली आहे.'

"गुरुजी, ती मी दुसऱ्या कुणाला वाचून घ्यायला सांगतो," हेडसर म्हणाले. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

गुरुजींनी पाटी खाली केली नाही. मी तिथेच होते. माझी जीभ तिखट आहे हे शाळेला ठाऊक होतं, त्या दिवशी तिचा उपयोग झाला. मी म्हटलं, "सर, माझा सहावीचा गणिताचा तास त्यांना देऊन टाका. परीक्षेपर्यंत रोज. पोरं नापास झाली तर माझ्या नावावर घाला." हेडसरांनी माझ्याकडे बघितलं, मग गुरुजींच्या गळ्याकडे बघितलं आणि हो म्हणाले.

ती चाल आता जगात एकाच ठिकाणी होती, त्या माणसाच्या डोक्यात. तिथून ती पोरांपर्यंत न्यायची होती आणि वाटच बंद झाली होती.

त्या तासाला मी पाचवीवर असायचे, त्यांना गणितं घालून पत्र्याला कान लावून बसायचे. लाज कसली? गुरुजींनी कविता फळ्यावर लिहिली, डफ काढला आणि ठेका दिला. ठेका पोरांनी झटक्यात उचलला. मग त्यांनी हात उचलला. सूर वर जातो तिथे हात वर, उतरतो तिथे खाली, लांबतो तिथे हवेत लांबच लांब सरकत जाणारा. पोरं हात बघून अंदाजाने म्हणायची. गुरुजी मान हलवायचे, नाही. पुन्हा हात. वर्गात चांगुणा नावाची मुलगी होती, सुरगाण्याकडची, बाप कारखान्यात हमाल. गळा फार गोड. तिचा आवाज मला वेगळा ऐकू यायचा.

"गुरुजी, आसं हाय का?" ती म्हणून दाखवायची.

नाही.

"मंग आसं?"

नाही.

पहिल्या दिवशी पोरं हसली. दुसऱ्या दिवशी हसली नाहीत. नंतर नंतर तर ती घरूनच वेगवेगळ्या चाली करून आणायला लागली. सहावीची पोरं, कारखान्यातल्या कामगारांची, मधल्या सुट्टीत विटी-दांडू सोडून कोपऱ्यात बसून सूर शोधायची. कुणी सिनेमाच्या चालीवर बसवायचं, कुणी भजनाच्या. गुरुजी सगळं ऐकायचे, एखाद्या ओळीला त्यांचे डोळे चमकायचे, हात पुढे व्हायचा, आणि पुढच्याच ओळीला ते मान हलवायचे. एकदा मी दारातून डोकावले तर त्यांचा शर्ट घामाने भिजला होता आणि गळ्याचं फडकं श्वासाबरोबर आतबाहेर होत होतं. मला रडू आलं. मी माझ्या वर्गात येऊन पोरांना विनाकारण झापलं.

मग एका सकाळी चांगुणाने सुरुवात केली आणि मागून सगळा वर्ग आला. संथ चाल होती, पहिली ओळ खालून उठायची आणि शेवटची ओळ पुन्हा तिथेच येऊन टेकायची. कडवं संपलं. आता मान हलवणार, असं मला वाटलं. आणि एकदम पोरांचा कल्लोळ उठला. "बरोबर! गुरुजी हो म्हनले! बरोबर!" मी धावत गेले. गुरुजी टेबलाशी उभे होते, मान वरखाली डोलवत होते, तोंडभर हसत होते. मग त्यांनी डफ घेतला आणि सगळी कविता पुन्हा म्हणून घेतली, पुन्हा, पुन्हा. माझा वर्गही पलीकडून म्हणत होता. त्या दिवशी मी कुणालाही गप्प केलं नाही.

मधल्या सुट्टीत मी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसले. माझा आनंद मावत नव्हता. "अखेर सापडली गुरुजी! हीच ना ती?"

त्यांनी पाटी घेतली. लिहिलं, 'नाही.'

"मग हो का म्हणालात?"

त्यांनी हाताने पुसलं आणि लिहिलं, 'पोरं दमली होती.' ते मी वाचलं हे पाहून तेही पुसलं. थोड्या वेळाने पुन्हा लिहिलं, 'त्यांची चाल चांगली आहे.' आणि चहाकडे हात दाखवला, गार होतोय.

त्यानंतर त्यांनी ती चाल पोरांकडून पुन्हा शोधून घेतली नाही. मी विचारलं नाही. परीक्षा झाल्या. जूनमध्ये शाळा उघडली, गुरुजी थोडे दिवस आले, मग दुखणं उलटलं. पावसाळा सरता सरता गेले.

दहाव्या-बाराव्याचं काही त्यांच्यात नव्हतं. जलदानविधी झाला, माणसं पांगली, आणि त्यानंतर एका रविवारी मी वसाहतीतल्या त्यांच्या घरी गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, खुंटीला डफ. हेडसरांनी तो आठवणीने घरी पोहोचता केला होता. कुसाबाई तांदूळ निवडत होत्या. रडून रडून झालेल्या बाईचा आवाज असतो तशा कोरड्या आवाजात बोलत होत्या.

"बाई, एक गोष्ट कुनाला सांगितली नाय," त्या म्हणाल्या. "ममईला चाललो होतो ना आपरेशनला, यश्टीनं, तवा घाटात गाडी उतरत होती. मी खिडकीशी. ह्यांनी माझ्या कानाशी तोंड आनलं आन् म्हनले, ऐक. आन् गायला लागले. नवी चाल. मला! आजवर कधी ऐकवली नाय पोरांच्या आधी. आवाज कुटं व्हता, नुसती घरघर. दोन ओळी झाल्या आसतील."

त्यांचे हात सुपात थांबले.

"मला काय म्हाईत हो बाई, गळाच काढनार हायेत. डॉक्टरनं सांगितलं व्हतं, बोलू देऊ नका, घशाला आराम द्या. मी हातानं त्यांचं तोंड दाबलं. म्हनलं, गप बसा, आपरेशन झाल्यावर लागंल तेवढं गा. आन् ते गप बसले. पार ममईपोतूर गप बसले."

बाहेर गल्लीत मुली सागरगोटे खेळत होत्या आणि खेळता खेळता त्यातली एक नावाड्याची कविता म्हणत होती. सहावीच्या वर्गातून ती आता सगळ्या वसाहतीत पसरली होती. कुसाबाईंनी कान दिला. चेहरा जरा सैल झाला.

"ती पोरगी रोज म्हनती. मला त्या दोन ओळींची चाल आठवत नाय, गाडीचा आवाज लय व्हता. पन पोरास्नी त्यांनी शिकवलीच ना नंतर, हातानं का व्हईना. म्हंजी वाया नाय गेली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तीच ना ही चाल?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मान वरखाली डोलावली.

"हो," मी म्हटलं. "तीच."