स्क्रीनसमोर बसलेलं एक माणूस

परभणी जिल्ह्यात चौकाचौकांत जे मोठे रंगीत स्क्रीन लागले, त्यांतले बरेचसे धम्मशीलाने स्वतः शिडीवर चढून लावलेले होते. ती झरीच्या एका शाळामास्तरांची मुलगी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती परभणीत बन्सीधरभाऊंच्या जाहिरातीच्या दुकानात लागली. दुकानात पूर्वी नुसते फ्लेक्स छापत. वाढदिवस, निवड, भावपूर्ण श्रद्धांजली. मग भाऊंनी हैदराबादला कुठेतरी असे स्क्रीन पाहिले आणि परत येऊन म्हणाले, "धम्मशीला, आता कापड बास. हे शीक." ती शिकली.

काम तिला मनापासून आवडायचं. प्रत्येक स्क्रीनच्या मागे मुठीएवढी एक डबी. डबीत मेमरी कार्ड आणि सिम. परभणीत खुर्चीवर बसून ती ठरवायची की गंगाखेडला आता खताची जाहिरात लागेल आणि झरीला क्लासची. तिच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक स्क्रीनच्या नावापुढे एक ठिपका असायचा, चालू असला की हिरवा, बंद पडला की राखाडी. गावात नेटवर्क गेलं तर स्क्रीन कोरा पडू नये म्हणून प्रत्येक कार्डात एक पाटी कायमची साठवलेली असायची, ती आपोआप लागायची. आणि स्क्रीनच्या वरच्या कडेला हरभऱ्याएवढा कॅमेरा होता. तो फोटो काढत नसे. समोर किती चेहरे स्क्रीनकडे बघत आहेत, तेवढंच मोजून परभणीला कळवायचा. जाहिरातदारांना तो आकडा दाखवला की ते खूश व्हायचे.

राणीसावरगावच्या चौकातला स्क्रीन लावून थोडे दिवस झाले असतील. तिथल्या मल्लेशचा फोन आला. मल्लेशचं चौकात चहाचं हॉटेल, स्क्रीन त्याच्याच भिंतीवर.

"ताई, तुमच्या टीव्हीवर हे काय लागायलंय?"

"काय लागलंय? बियाण्याची जाहिरात असंल."

"ती हाय. पण मधीच निळं व्हतंय अन् लिवून येतंय. 'कृपया बसून घ्या. तुम्हाला लवकरच बोलावलं जाईल.' कोण बोलावनार हाय, ताई? अन् कुठं?"

धम्मशीलाने कॉम्प्युटरवर पाहिलं. यादीत बियाणं होतं, क्लास होता, सोन्याचं दुकान होतं. असं वाक्य कुठेच नव्हतं. तरी ते वाक्य तिला ओळखीचं वाटलं. कुठे वाचलं, ते आठवेना. "बघते," म्हणून तिने फोन ठेवला आणि दुसऱ्या कामात बुडून गेली.

पुढच्या आठवड्यात मल्लेशचा पुन्हा फोन. या वेळी आवाज दबलेला. गावातले महारुद्रआप्पा रोज त्याच्याकडे चहाला यायचे. आदल्या संध्याकाळी स्क्रीन निळा झाला, तेव्हा आप्पांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि हसून म्हणाले, "बोलवा की, आमी काय नाही म्हणायलाव का." सकाळी ते अंथरुणातून उठलेच नाहीत.

"वय झालं व्हतं त्यांचं, मला समजतंय," मल्लेश म्हणाला. "पण आता बाया लेकरांना घेऊन तिकडून जाईनात. माझ्या हॉटेलात गिऱ्हाईक पाठ करून बसतंय. तुमी येऊन बगा."

जायचं ठरलं, पण कामं निघत राहिली. उन्हाळा चढला. एका दुपारी दुकानात पंख्याखाली बसून धम्मशीला सगळे ठिपके बघत होती. राणीसावरगावचा हिरवा होता. पुढे आकडा, बघणारे: एक. भर उन्हात कोण बघतंय, म्हणून तिने सहज मल्लेशला फोन लावला.

"बघणारं?" मल्लेश म्हणाला. "ताई, सकाळपासून लाईट न्हाई. तुमचा टीव्ही बंद पडून हाय. चौकात कुत्रंबी न्हाई."

ठिपका हिरवाच होता. बघणारे: एक.

तिला वाटलं, काहीतरी अडकलंय. तिने पान बंद करून पुन्हा उघडलं. एक. चहा पिऊन आली. एक. संध्याकाळ होत आली तसा तो आकडा शून्य झाला, जणू कोणीतरी उठून घरी गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर पुन्हा एक. असं रोजच सुरू झालं. रस्त्यावरचा माणूस स्क्रीनकडे बघतो तो चालता चालता. हे माणूस हलतच नव्हतं. आणि एकदोनदा, तिने डोळे चोळून पाहिलं, तिथे दोन लिहून आलं होतं.

बन्सीधरभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "यंत्र हाय, खोटं बोलतंय. जाऊन बघून ये." पण त्यांनी गल्ल्यावरच्या देवाच्या तसबिरीकडे एकदा बघितलं, ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

राणीसावरगावला ती पोचली तेव्हा लाईट गेलेलीच होती. चौक उन्हाने पांढरा पडला होता. स्क्रीन काळा, त्यात तिचं स्वतःचं अंधुक रूप. तिने मोबाईलवर पान उघडलं. हिरवा ठिपका. एक.

ते माणूस आपणच असू, असं तिने मनाला सांगितलं आणि ती बाजूला सरकली. एक. हॉटेलच्या आत गेली. एक. शेवटी स्टूल मागून घेतलं, वर चढली आणि तो हरभऱ्याएवढा कॅमेरा तळहाताने झाकून धरला. दुसऱ्या हातात मोबाईल होता. आकडा एकच राहिला.

"काय दिसायलंय?" खालून मल्लेशने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. तिने डबीची वायर काढली. आता तर लाईट येऊनही काही चालू होणार नव्हतं. ठिपका हिरवा होता.

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून ती ते वाक्य मनात घोळवत होती. कृपया बसून घ्या. गंगाखेड जवळ आलं आणि उसाच्या ट्रॉलीला साइड द्यायला गाडी थांबली, तेव्हा तिला एकदम आठवलं. ते वाक्य तिनेच लिहिलं होतं. गंगाखेडच्या एका खाजगी दवाखान्यासाठी, पेशंटच्या नातेवाइकांच्या हॉलमध्ये लावायला. भाऊंच्या दुकानाचा पहिलावहिला स्क्रीन तो. पुढे डॉक्टर गाव सोडून गेले, दवाखाना बंद झाला. "सामान आणलं समज," असं भाऊ म्हणाले होते. राणीसावरगावची घाई होती, म्हणून दवाखान्याच्या कार्डाची नक्कल नव्या डबीत घातली आणि कॉम्प्युटरवर नुसतं नाव बदललं. पण नकलेत साठवलेली ती पाटीही आली आणि ओळख क्रमांकही तोच आला होता. म्हणजे दोन डब्या एकाच नावाने परभणीशी बोलत होत्या. राणीसावरगावची बंद होती. बोलत होती ती दुसरी. सामान कोणी आणलंच नव्हतं.

कोडं सुटलं म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं. पण लगेच पुढचा विचार आला. बंद दवाखान्यात बसून रोज दुपारी स्क्रीनकडे कोण बघतंय?

ती गंगाखेडलाच उतरली.

दवाखाना एका औषधाच्या दुकानाच्या वर होता. दुकान चालू होतं, त्यामुळे इमारतीची लाईटही चालू होती. जिन्यापाशी राखणदार सीताराम बसला होता. स्क्रीन काढायला आले म्हटल्यावर तो जरा गडबडला.

"न्या की. पण थोडं थांबून न्या मॅडम. वर नागुबाई बसायल्यात."

"कोण नागुबाई?"

"विरुपाक्षआप्पाची मालकीन. आप्पाला हितंच आणलं व्हतं, छातीत दुखायलं म्हणून. ह्यांना हॉलमधी बसवलं अन् आप्पाला तसंच मागल्या जिन्यानं नांदेडला हलवलं. तिकडंच गेले ते. पोरानं माती दिली, सगळं झालं. पण म्हातारीच्या डोक्यात ते बसंना. बांगड्या उतरू देईना. रोज दुपारी येती. मला म्हनती, वर लिवलंय की, बसून घ्या, बोलावतेत. मी काय करू? कुलूप लावलं तर पायरीवर उन्हात बसती. मग उघडून देतो."

"पोराला माहीत आहे?"

"मठात भजनाला जाती, असं सांगती घरी."

धम्मशीला जिना चढली. हॉलमध्ये खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या, फक्त दोन सरळ मांडलेल्या. खिडक्या बंद. धूळ आणि फिनेलचा जुना वास. भिंतीवर स्क्रीन निळा पेटलेला, कारण आत नेटवर्क जेमतेम यायचं आणि साठवलेली पाटीच लागून राहायची. त्या निळ्या उजेडात हिरव्या लुगड्यातली एक बारीक म्हातारी ताठ बसली होती. कपाळावर भस्म, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. नजर स्क्रीनवरून हलत नव्हती.

दारात, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर उभं राहून धम्मशीलाने मोबाईल पाहिला. बघणारे: दोन.

तिने हॉलभर नजर फिरवली. म्हातारीशिवाय कोणी नव्हतं.

"ये की माय," नागुबाई मान न वळवता म्हणाल्या. "दारात कामून उभी? पर त्या खुर्चीवर नगं बसू. ती ह्यांची हाय."

धम्मशीला भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली. "आजी, दवाखाना बंद झालाय," ती म्हणाली. "घरी चला."

"तसं समदेच म्हनतेत. पोरगा शंभुराज म्हनतो, सीताराम म्हनतो." नागुबाईंनी बोट उचललं. "तिथं बंद लिवलंय का? मी चौथी शिकलेली हाय. बसून घ्या लिवलंय."

स्क्रीन उतरवून न्यावा, तर म्हातारी कोऱ्या भिंतीसमोर येऊन बसेल. मग तिने मोबाईलचं नेट त्या डबीला जोडलं आणि नवी पाटी लिहायला घेतली. 'उद्या या' लिहिलं तर उद्या येतील. खोटं चालणार नव्हतं.

तिने पाटी पाठवली. निळा स्क्रीन तसाच. डबीला वेळ लागायचा. मग एकदम अक्षरं बदलली.

नागुबाई पुढे झुकल्या. एकेक अक्षर जोडत वाचू लागल्या. "ना-गु-बाई. आता… कुनाला… बोलावलं जाणार नाही. घरी जा." इतके महिने जे कोणाचं ऐकलं नव्हतं, ते त्यांनी ऐकलं. पण त्या धम्मशीलाकडे वळल्या नाहीत. स्क्रीनलाच म्हणाल्या, "अन् ह्यांना?"

धम्मशीलाने लिहिलं. पुन्हा ती वाट बघणं. हॉलमध्ये काहीच वाजत नव्हतं.

'विरुपाक्षआप्पा गेले.'

"कवा?"

तिने जिन्यात उभ्या सीतारामकडे पाहिलं. तो पुटपुटला, "संक्रांतीच्या आधी." तिने तेच लिहिलं.

नागुबाईंनी वाचलं. शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, जसा कोणाच्या खांद्यावर ठेवावा. "मग सांगायचं की," त्या हळू म्हणाल्या. "येवढं बसवून ठिवलं." आणि तिथेच पदर तोंडावर घेऊन रडायला लागल्या. ऊर फुटून नाही, तर खूप दमलेलं माणूस रडतं तसं.

सीतारामने फोन केला. साखर कारखान्यातून शंभुराज तसाच आला, अंगावर कामाचे कपडे. आई भजनाला जात नव्हती, हे त्याला तेव्हा कळलं. त्याने आईला हाताला धरून उतरवलं. ते गेल्यावर धम्मशीलाने स्क्रीन बंद केला आणि मोबाईलकडे न बघता डबी काढून पिशवीत टाकली.

परभणीला येऊन तिने सगळ्या गावच्या कार्डांचे क्रमांक तपासले. साठवलेल्या पाट्याही बदलल्या, आता तिथे नुसतं गावाचं नाव येतं. राणीसावरगावच्या लोकांनी मात्र तो स्क्रीन चौकात नको म्हटलं, म्हणून तो बाजार समितीच्या फाटकावर हलवला. बन्सीधरभाऊंनी गंगाखेडला जाऊन मठात नारळ वाहिला.

पावसाळ्याच्या तोंडावर शंभुराजचा फोन आला. आई आता शांत आहे, बांगड्या तिने आपल्या हातांनी उतरवल्या, म्हणाला. "पण रोज विचारती, त्या दिवशी बोलली ती बाई कोन व्हती. तुमी एकदा याल का? तिला दाखवायचं हाय."

धम्मशीला गेली. नागुबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांनी तिला जवळ बसवलं, चेहरा निरखला, हनुवटीला हात लावून उजेडाकडे वळवला.

"ही व्हय?" त्या शंभुराजला म्हणाल्या. "ही तर खाली बसली व्हती माझ्यासंगं. ही न्हाई. मला ती बाई पायजे."

"आजी, मीच लिहीत होते. मोबाईलवरून."

"लिवायलीस तू, ते दिसलं मला. पर वाचून कोन दाखवायलं व्हतं? मला येवढं भराभर वाचता येतंय का?" म्हातारीचा आवाज अगदी साधा होता, बाजारहाटाचं बोलावं तसा. "म्हातारी बाई व्हती. लय मायेनं सांगितलं तिनं. गेले माय, म्हनली."

शंभुराजने धम्मशीलाकडे बघितलं. त्या स्क्रीनला आवाज नव्हताच. आजाऱ्यांना त्रास नको म्हणून डॉक्टरांनी स्पीकरची वायरच जोडू दिली नव्हती.

"असेल आजी," ती म्हणाली आणि सुपातली मूठभर डाळ पुढे ओढून निवडू लागली.