विहीणबाईंचा रेडिएटर

काळ्या पाण्याची धार विहीणबाईंच्या तोंडावर बसली, तेव्हा त्या माझ्या नातवाला इंग्रजीत फळांची नावं शिकवत होत्या. ‘ॲपल’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. ते उघडं होतं, हीच पंचाईत झाली!

“सुमनताई, थू... थू... बंद करा ते!”

“करते, करते!”

करते म्हणाले खरी, पण बंद करायचा स्क्रू माझ्या हातात होता आणि त्याचं भोक रेडिएटरला! (स्क्रू भोकात बसला की पाणी थांबतं, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. पण धारेसमोर तो बसेना.) मग मी भोकावर अंगठा दाबला. तर एका धारेच्या तीन झाल्या! एक पडद्यावर, एक गादीवर आणि एक विहीणबाईंच्या नव्या शालीवर. ती शालीवरची मी नेम धरून मारली नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. पाणी कोमट होतं, तेवढं नशीब.

नातू टाळ्या वाजवून ओरडत होता, “अगेन! आजी, अगेन!”

महिनाभर त्याने मला अशी प्रेमाने हाक मारली नव्हती.

हे घर माझ्या मुलाचं, निलेशचं. ऑस्ट्रेलियात, बॅलारॅटला. आधी तो मेलबर्नजवळ टार्निटला राहायचा, तिथे निदान शेजारी मराठी बोलणारं कुणी भेटायचं. मग याला जुनं, दुमजली घर आवडलं आणि हा इथे आला. इथली थंडी अशी की खोबरेल तेलाची बाटली बारा तास दगड. घर तापवायला धुण्याच्या खोलीत भिंतीवर एक बॉयलर आहे. तो पाणी तापवतो, ते पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत फिरतं आणि खोल्या गरम होतात. बॉयलरला प्रेशरचा काटा असतो. काटा हिरव्यात असला तर सगळं ठीक. खाली उतरला की बॉयलर लाल दिवा लावून बंद पडतो.

आता मूळ भांडण सांगते. माझी सून प्राची पुढच्या महिन्यात कामावर जाणार होती. नातू ईशान दीड वर्षाचा. म्हणजे त्याला सांभाळायला एका आजीने राहायचं आणि दुसरीने घरी जायचं. कोणती, ते कुणी तोंडाने बोलत नव्हतं. दोन्ही आज्या घरात हजर होत्या, आणि दोघींनाही राहायचं होतं.

विहीणबाई पुण्याच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. इंग्रजी बोलतात, लोकर विणतात, गुडघे दुखत असूनही योगासनं करतात. त्यांच्या पोळ्या गोल. माझ्याही गोलच, पण त्यांच्या गोल असतात याची घरात चर्चा होते! माझा मुलगा त्यांना ‘मम्मी’ म्हणतो. मला ‘आई’ म्हणतो, पण ‘आई’ म्हणताना पुढे नेहमी ‘अगं, राहू दे’ असतं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण खोली! गुडघ्यांमुळे त्यांना खालची खोली मिळाली, बॉयलरच्या अगदी शेजारची. त्यांचा रेडिएटर असा तापायचा की वर पापड ठेवला तर भाजून निघावा. माझी खोली वरच्या मजल्यावर, टोकाला. माझा रेडिएटर म्हणजे ताप उतरलेल्या माणसाचं कपाळ. आणि ईशान दिवसभर कुठे? खालच्या खोलीत! एवढ्या लहान पोराला आजी कळत नाही, ऊब कळते.

सोलापुरात माझं अख्खं आयुष्य तिसऱ्या मजल्यावर गेलं. पाणी चार-पाच दिवसांनी यायचं आणि आमच्यापर्यंत चढायचंच नाही. त्यामुळे पाण्याच्या प्रेशरबद्दल मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वर पाणी चढत नाही, याचा अर्थ खाली कुणीतरी ओढतंय.

“निलेश, विहीणबाई सगळं गरम पाणी ओढून घेतात.”

“आई, रेडिएटर कसा ओढेल गं?”

“मोटर लावली असेल.”

“आई!”

मग मीच उपाय केला. विहीणबाई योगासनांना बाहेरच्या खोलीत गेल्या की मी त्यांच्या रेडिएटरचं बटण पिळून कमी करायची. त्या परत आल्या की वाढवायच्या. मी कमी, त्या जास्त. दोघी एकमेकींना एक शब्द बोललो नाही. जेवताना “भाजी छान झालीय हो,” असंही म्हणायचो.

शेवटी निलेशने वर येऊन माझा रेडिएटर पाहिला. “आत हवा अडकलीय,” म्हणाला. छोट्या चावीने वरच्या कोपऱ्यातला स्क्रू जरासा सैल केला. फुस्स झालं, पाण्याचा थेंब आला, त्याने लगेच बंद केलं. आणि काय सांगू! संध्याकाळपर्यंत रेडिएटर तापला. ईशान वर आला, माझ्या मांडीवर झोपला. विहीणबाई जिन्याखाली उभ्या राहून “ईशू, ईशूऽ” करत होत्या. मी आवाजसुद्धा दिला नाही.

ती चावी मी पदराला बांधली ती बांधलीच.

आता मला सांगा, थोडी हवा काढून एवढा फरक पडतो, तर रोज काढली तर? रोज निलेश कामाला आणि प्राची बाजाराला गेली की मी स्क्रू फिरवायची. हवा संपली, नुसतं पाणी यायला लागलं. आणि पाणी काळं कुळकुळीत! आमच्याकडे नळाला पहिलं पाणी गढूळ येतं. ते सोडून द्यायचं, मग स्वच्छ येतं, मग भरायचं. तेच मी केलं. पातेल्यात काढलं, बादलीत ओतलं, पुन्हा काढलं. स्वच्छ काही येईना! म्हटलं, एवढ्या शिकलेल्या माणसांच्या घरात किती घाण साठलीय. (पाणी फेकून देणं माझ्या जिवावर येतं, म्हणून ते मी विहीणबाईंच्या कोथिंबिरीला घातलं. कोथिंबीर गेली. “इथली माती बरी नाही हो,” मी म्हणाले.)

इकडे बॉयलरचा काटा रोज खाली. निलेश कामावरून आला की आधी बॉयलरपाशी. खालचा छोटा नळ सोडायचा, काटा हिरव्यात आणायचा, नळ बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली!

“कुठेतरी गळतंय,” तो म्हणाला. प्रत्येक रेडिएटरखाली टिश्यू पेपर पसरले. सगळे कोरडे. टॉर्च घेऊन पोटावर झोपून पाइप तपासले. टॉर्च मी धरली होती.

“नीट बघ रे, तिकडे विहीणबाईंच्या खोलीत बघ,” मी सांगत होते.

प्लंबर येऊन गेला. बाहेर काहीच गळत नाही म्हणजे फरशीखालचा पाइप फुटला असेल, फरशी फोडावी लागेल, म्हणाला. प्राचीच्या डोळ्यांत पाणीच आलं. ऐन थंडीत, लहान मूल घेऊन, कामावर जायच्या तोंडावर घर फोडायचं! मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. तेव्हा माझ्या पदराची चावी तिच्या खांद्याला टोचत होती.

आणि मग तो दिवस. निलेश-प्राची बाहेर पडले आणि बॉयलर बंद. घर गारठायला लागलं. मी निलेशला फोन लावला.

“काटा किती दाखवतोय, आई?”

“खाली गेलाय.”

“खाली म्हणजे किती?”

“म्हणजे खाली!”

“अगं, राहू दे. फोन मम्मींना दे.”

झालं! विहीणबाईंनी चष्मा लावला, आकडा वाचला, “येस, येस, गॉट इट,” म्हणाल्या. (माझ्या पोराशी मराठीत बोलायला काय होतं?) नळ सोडला, काटा हिरव्यात आला, नळ बंद केला. बॉयलर सुरू. मग त्या मला म्हणाल्या, “घाबरायचं नाही हो, सुमनताई. सोपं असतं.”

सोपं असतं! मला!

आणि नळ केवढ्याशात बंद केला! प्रेशरने पाणी आलंय तर माणसाने भरून घ्यावं की नाही? वरच्या मजल्यावरच्या माणसाचा विचारच नाही. त्या ईशानला घेऊन खोलीत गेल्याबरोबर मी जाऊन तोच नळ सोडला. पूर्ण. काटा हिरव्यातून सरसर वर, लालात गेला. मी मनात म्हटलं, हे खरं प्रेशर!

मग वाटलं, आता आपणही काहीतरी दाखवू. नळ तसाच ठेवून गेले त्यांच्या खोलीत.

“विहीणबाई, तुमच्या रेडिएटरमधली घाण कधी काढली नसेल. थांबा, मी काढून देते. सोपं असतं.”

आणि चावी फिरवली. जरा जास्तच फिरवली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्यात भर म्हणजे बाहेरच्या भिंतीतल्या एका पाइपातून पाणी भसाभसा अंगणात पडायला लागलं. (प्रेशर फार झालं की बॉयलर तिथून पाणी सोडून देतो, हे मला नंतर कळलं.) विहीणबाईंनी ईशानला पलंगावर ठेवलं, आंधळ्यासारखं चाचपडत जाऊन बॉयलरचा नळ बंद केला, आणि धार बारीक होत होत थांबली. मी अजून अंगठा लावून बसले होते.

विहीणबाईंनी फोन केला, निलेश धावत आला. पडदे पाहिले, गादी पाहिली, काळ्या तोंडाची सासू पाहिली. मग माझ्या पदराची चावी पाहिली.

“आई, तू रोज पाणी काढत होतीस?”

“घाण काढत होते.”

“अगं, तेच पाणी आत फिरत राहतं. ते काढायचंच नसतं! ते काढलं की प्रेशर उतरतं!”

“तेच तेच पाणी? बदलतच नाही? मग किती वर्षांचं शिळं आहे रे ते?”

तो खाली बसला. हसतोय की रडतोय, कळेना. “मी फरशी फोडणार होतो, आई.”

तेवढ्यात विहीणबाई टॉवेलने तोंड पुसत म्हणाल्या, “निलेश, त्यांना नका बोलू. रेडिएटरशी मीही खेळत होते. चूक आम्हा दोघींची.”

पाहिलंत? चुकीतलासुद्धा अर्धा वाटा घेऊन गेल्या! आता त्याच घरातल्या सगळ्यात चांगल्या. तोंड काळं असताना!

दोन दिवसांनी प्राचीने स्वतःहून मला आल्याचा चहा करून दिला, तेव्हाच मी ओळखलं.

“आई, तुम्हाला इथली थंडी सोसत नाही ना...”

“सोसते की.”

“वरची खोली पण गारच असते.”

“आता चांगली गरम असते की!”

तिने निलेशकडे पाहिलं. निलेशने कपाकडे पाहिलं. “आई,” तो म्हणाला, “मम्मींना तो बॉयलर जरा कळतो गं.”

धार उडाली त्या दिवशी त्या घरात आम्ही चौघं होतो: ईशान, विहीणबाई, बॉयलर आणि मी. चौघंही धडधाकट वाचलो. त्यातले तिघं अजून तिथेच आहेत.