मातीचा दवाखाना आणि माणसांची लाज

अकरा वर्षं मी बायकांच्या अंगाला माती लावली. माती काय, दोन बादल्या पाण्यात निघून जाते. किस्से निघत नाहीत. चारचौघी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "बाई, तो सांगा ना!" मी सांगते, आणि सांगता सांगता पुन्हा माझं डोकं तापतं.

कराडजवळ नदीकाठाला आमचं निसर्गोपचार केंद्र होतं. पंचाहत्तर सालाच्या आगंमागंची गोष्ट. मातीचा लेप, वाफेची पेटी, टबात बसणं, कोवळं ऊन. आता हे कपड्यांवरून कसं होणार? पुरुषांचं आवार वेगळं, बायकांचं वेगळं, मधे डोक्याच्या वर भिंत. तरी गावोगाव बोंब! आणि आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष दादासाहेब, बागायतदार माणूस, दर मीटिंगला एकच तुणतुणं लावायचे, "बायकांचा विभाग बंद करा." पुरुषांचा नाही हं, फक्त बायकांचा! कंबर धरून, गुडघे धरून येणाऱ्या त्या बायांना दुसरं दार नव्हतं. ते दार लावायला हे निघाले होते.

*

आमच्या फाट्यावर एस.टी. थांबली की एक कंडक्टर ओरडायचा, "चला, नागव्या दवाखान्याचे उतरा!" अख्खी गाडी खिदळायची. उतरणाऱ्या बाया पदर तोंडावर ओढायच्या.

एकदा मी गाडीतच होते. म्हटलं, "कंडक्टर, तुमी काय खाकी घालूनच जन्माला आलासा?"

त्या दिवसापासून तो नुसती घंटी मारायला लागला.

*

कवठे महांकाळकडची एक बाई आली. संधिवात. मातीच्या टबात उतरली ती अख्ख्या नऊवारीसकट! म्हटलं, "मावशी, लुगडं सोडा, माती अंगाला लागू दे."

"आवं बाई, आमच्यात आंघोळबी लुगड्यावरच करत्यात. न्हाणीला दार कुठं हाय?"

कशीबशी समजूत घातली. लुगडं सोडलं, आणि बाई आपल्याच पोटाकडं, मांड्यांकडं बघतच बसली. मग म्हणाली, "लगीन हून वीस वर्सं झाली, चार लेकरं झाली. मी अशी हाय व्हय!"

मी आधी हसले. मग असा संताप आला म्हणून सांगू! कुणावर काढायचा तेच कळेना.

*

पलटणीतले एक रिटायर हवालदार आले. डॉक्टर म्हणाले, "कपडे काढून थांबा, आलोच." हवालदारांनी कपडे काढले, घडी घातली, आणि ऑफिसच्या व्हरांड्यात सावधान! अंगावर सुताचा धागा नाही. स्वयंपाकीणबाई परात टाकून पळाली.

मी खांबाआडून ओरडले, "आवं हवालदार, पंचा तरी गुंडाळा!"

मान न वळवता म्हणतात कसे, "सायबांची आर्डर पंच्याची न्हाई! भरतीला असंच हुबं केलतं, तवा कोन वरडलं न्हाई."

गावात काय चर्चा झाली माहितीय? "जवान लय शिस्तीचा हाय!" त्या जागी एखाद्या बाईची नुसती पोटरी दिसली असती तर आमच्या केंद्राला टाळं लागलं असतं.

*

विट्याचे एक शेठ, परमुलखात सोनं गाळायचं दुकान. हे सगळं उतरवून बसले, लाजले नाहीत. फक्त कमरेचा चांदीचा करदोडा राहिला. वाफेच्या पेटीत चांदी तापते, चटका बसतो. पुरुषांकडचा मदतनीस म्हणाला, "शेठ, करदोडा काढा."

शेठ ताडकन उठले. "का रं? मी मेलोय व्हय? मढ्याचा काढत्यात करदोडा!"

तसेच आत बसले. बाहेर आले तेव्हा कमरेला लालभडक पट्टा उठलेला. वर आम्हालाच दम, "आधी सांगाया नगं?"

*

आणि ती पत्रं! एका सद्गृहस्थाने सांगलीहून कार्ड टाकलं, "एकटाच येईन. आत जोडीला कोण असते ते कळवावे."

उत्तर मी स्वतः लिहिलं. "येताना दोन पंचे आणा, पोट रिकामं ठेवा. जोडीला एनिमा असतो."

आला नाही मेला!

*

आता शेवटचा. दोघंही हयात नाहीत, म्हणून सांगते.

दादासाहेबांच्या मंडळी, आम्ही वहिनीसाहेब म्हणायचो, पाठदुखीसाठी गुपचूप यायच्या. "न्हाणीत घसरून पडले," म्हणाल्या. तीन दिवस चोळीवरूनच लेप घेतला. चौथ्या दिवशी दार लावून घेतलं आणि चोळी काढली. पाठ बघून माझे हात मातीतच थांबले. पट्ट्याचे वळ ओळखायला काही शिकावं लागत नाही. काही जुने, काही कालचे.

"बाई, कुनाला बोलू नगा."

शब्द दिला. आतल्या आत जळत राहिले.

पुढच्याच आठवड्यात दादासाहेबांच्या बंगल्यावर मीटिंग. ठराव लिहून तयार. दादासाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "आपल्या बायकांनी परक्यांपुढं अंग उघडं टाकायचं? घराण्याची लाज हाय का न्हाई?" सगळे माना डोलावतायत. मला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?" डोकं तापलेलं, पण शब्द दिलेला. मी ठरावाचा कागद टेबलावर पालथा घातला.

वहिनीसाहेब चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, ठरावाच्या कागदावरच.

"करा की बंद," त्या म्हणाल्या. "पर मग माज्या पाठीला माती तुमी लावायची. आत्ता. हितं, ह्या समद्यांच्या म्होरं."

आणि त्यांनी सगळ्यांकडं पाठ केली, पदर खाली सोडला आणि चोळीच्या गाठीला हात घातला.

माना डोलावणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

दादासाहेब म्हणाले, "फुडचा विषय घ्या."