येतंय

आमच्या बँडमधल्या कीबोर्डवाल्या काकांना साउंड चेकच्या वेळी काहीही विचारा, उजवा अंगठा वर करून ते एकच शब्द म्हणतात, "येतंय!"

स्टेजवर आपलं वाजवणं आपल्याला ऐकू यावं म्हणून पायाशी मॉनिटर स्पीकर ठेवतात. तसा एक छोटा स्पीकर घ्यायला आम्ही नारायण पेठेत गेलो, तेव्हा निवडायला काकांनाच पुढे केलं. रिक्षात मावेल असा त्यांनी पसंत केला. मी दुकानातल्या कीबोर्डवर बोटं फिरवली. काकांनी खाली बसून स्पीकरला कान लावला. "येतंय! गोड येतंय. हाच घ्या."

"अहो काका," दुकानदार म्हणाला, "वायर जोडायचीय अजून."

आम्ही सगळे हसलो. काकाही हसले, पण जरा उशिरा, आमचे चेहरे बघून.

स्पीकर तोच घेतला. हल्ली काका ढोलकीवाल्याच्या हातांकडे बघत वाजवतात, हे माझ्या लक्षात येतं. परवा कार्यक्रमाआधी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "येतंय का?"

अंगठा वर आला. "येतंय!"

कशाला विचारलं मी?